परदेशगमन आणि घरातील ससे



व्यापारी कुटुंबांना स्थलांतर नवे नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गुजरात-राजस्थानातून महाराष्ट्रातील बाजारपेठांत आले, पेढ्या थाटल्या आणि येथील भाषा आपलीशी केली. आता त्याच घरांतील पुढची पिढी लंडन, दुबई, अँटवर्प, न्यू जर्सी, मेलबर्न अशा ठिकाणी जात आहे. जाण्यापूर्वी करावयाच्या कामांची यादी घरोघरी साधारण सारखीच असते. पारपत्र, व्हिसा, पदवी प्रमाणपत्रांचे साक्षांकन, विमा, निवासी बचत खात्याचे अनिवासी खात्यात रूपांतर, घराचे मुखत्यारपत्र. या सदरातून यांपैकी बहुतेक विषयांवर आपण वेळोवेळी बोललो आहोत. गेल्या काही वर्षांत मात्र या यादीत एक नवी नोंद दिसू लागली आहे. ती म्हणजे घरातील पाळीव प्राणी.

पश्चिम महाराष्ट्रातील एका कापड व्यापारी कुटुंबातील भगिनींनी पाठविलेले पत्र समोर आहे. त्यांचा मुलगा व सून येत्या उन्हाळ्यात मेलबर्नला स्थायिक होण्यासाठी निघत आहेत. नऊ वर्षांच्या नातीने तीन वर्षांपासून सशांची एक जोडी सांभाळली आहे. चारा घालणे, पिंजरा स्वच्छ करणे, पाणी बदलणे ही सारी कामे ती स्वतः करते. ससे आपल्याबरोबर येणारच, असे ती धरून चालली आहे. मुलाचे म्हणणे असे, की ससे कोणाच्या तरी शेतावर सोडून द्यावेत आणि तिकडे गेल्यावर मुलीला नवे घेऊन द्यावेत. भगिनी विचारतात, “ससे नेता येतील काय? आणि येत नसतील, तर शेतावर सोडणे योग्य काय? की मीच या बाबतीत अधिक हळवी झाले आहे?”

तिन्ही प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. पहिल्याचे उत्तर नियमांत आहे, दुसऱ्याचे सशाच्या शरीरधर्मात आणि तिसऱ्याचे आपल्या घरात.

ऑस्ट्रेलियाचे दार बंद का?

ऑस्ट्रेलियात पाळीव ससा केवळ न्यूझीलंडमधून नेता येतो. भारतातून थेट नेण्याचा कोणताही वैध मार्ग नाही. परवान्यासाठी अर्ज करून, शुल्क भरून किंवा विलगवासाची मुदत वाढवून हा नियम शिथिल होत नाही. न्यूझीलंडमार्गे आडवाटेने जाण्याची कल्पनाही कोणी सुचवील. परंतु त्या देशाचे प्रवेशाचे नियमही तितकेच कठोर आहेत. मेलबर्नला निघालेल्या कुटुंबाने या प्रश्नावर अधिक वेळ व पैसा खर्च करू नये, हे प्रथमच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

हा नियम अन्यायकारक वाटू शकतो, म्हणून त्यामागील इतिहास जाणून घ्यावा. ऑस्ट्रेलिया खंडात मुळात ससे नव्हते. १७८८ साली इंग्लंडहून कैदी व अधिकाऱ्यांना घेऊन जो पहिला जहाजांचा ताफा तेथे गेला, त्यात पाच ससे होते. परंतु ते पाळीव जातीचे असल्याने रानात फारसे पसरले नाहीत. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतातील विंचेल्सीनजीकच्या बारवन पार्क या आपल्या मालमत्तेवर थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे मागविले. त्यांत रानटी सशांचे रक्त होते. अनुकूल हवामान, मुबलक गवत आणि शत्रूंचा अभाव यांमुळे त्यांची संख्या इतक्या वेगाने वाढली, की पन्नास वर्षांत ते खंडाच्या बहुतांश भागात पोहोचले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही या प्रसाराचे मूळ बारवन पार्कच्या त्या सशांपर्यंतच नेऊन पोहोचविले आहे.

पुढे पिके गेली, कुरणे उघडी पडली, जमिनीची धूप झाली आणि कित्येक स्थानिक प्राणी-वनस्पती संकटात आल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात सशांना अडविण्यासाठी तीन कुंपणे उभारली. त्यांची एकूण लांबी ३,२५६ किलोमीटर होती. ती पूर्ण होण्यापूर्वीच ससे पलीकडे गेले होते. १९५० साली सशांमध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू हेतुपुरस्सर सोडण्यात आला. प्रारंभी असंख्य ससे मेले. नंतर उरलेल्यांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली. १९९५ साली सशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका बेटावर चाचणी सुरू असतानाच मुख्य भूमीवर पसरला. जो देश दीड शतकाहून अधिक काळ असा झगडत आहे, तो बाहेरून आलेल्या सशाकडे नातीच्या नजरेने पाहू शकत नाही.

याच इतिहासामुळे क्वीन्सलँड राज्यात आजही घरी ससा पाळण्यास बंदी आहे. ब्रिस्बेनला जाणाऱ्या कुटुंबाला तेथे गेल्यावर नवा ससा विकत घेणेही शक्य नाही. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नमध्ये, ससा पाळता येतो. मात्र तेथे डासांमार्फत पसरणाऱ्या मिक्सोमॅटोसिसची भीती कायम असून, पाळीव सशांसाठी त्या रोगाची लस ऑस्ट्रेलियात उपलब्ध नाही. “तिकडे नवा घेऊ” असे मुलीला आश्वासन देताना पालकांनी हेही ध्यानात घ्यावे.

लपवून नेण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. २०१५ साली हॉलिवूडचे अभिनेते जॉनी डेप यांचे दोन लहान कुत्रे घोषणा न करता खासगी विमानाने ऑस्ट्रेलियात आणल्याचे उघड झाले. देशाबाहेर न नेल्यास कुत्र्यांना ठार केले जाईल, असे तेथील मंत्र्यांनी जाहीर केले आणि कुत्रे तातडीने परत पाठवावे लागले. पुढे खोट्या घोषणापत्राचा खटलाही चालला. जगप्रसिद्ध व्यक्तीची जेथे गय झाली नाही, तेथे नव्याने व्हिसा मिळालेल्या कुटुंबाची काय कथा?

अन्य देशांचे नियम

हे सदर वाचणारी सर्वच कुटुंबे मेलबर्नला जात नाहीत. म्हणून इतर देशांविषयी थोडे सांगतो.

ब्रिटनमध्ये भारतातून ससा नेता येतो, परंतु त्यासाठी आयात परवाना आगाऊ घ्यावा लागतो आणि पोहोचल्यावर सशाला चार महिने मान्यताप्राप्त केंद्रात विलगवासात ठेवावे लागते. हा विलगवास रेबीजच्या प्रतिबंधासाठी असून त्याचा सर्व खर्च मालकाने करावयाचा असतो. युरोपीय संघात कुत्रा, मांजर व फेरेट यांच्यासाठी समान नियमावली आहे. सशासाठी मात्र प्रत्येक सदस्य देशाचे नियम पाहावे लागतात. अँटवर्पला जाणाऱ्या हिरे व्यापारी कुटुंबाने जर्मनीतील नातेवाइकाच्या अनुभवावर विसंबू नये. बेल्जियमच्या अन्नसाखळी सुरक्षा यंत्रणेकडूनच लेखी माहिती मागवावी. अमेरिकेत कुत्र्यांसाठी असलेली रेबीजविषयक केंद्रीय नियमावली सशांना लागू होत नाही, परंतु राज्यांचे व नगरांचे स्वतंत्र नियम असतात. कॅनडात शेजारच्या अमेरिकेतून आलेल्या सशाला जे सोपे, ते भारतातून आलेल्याला सोपे नाही.

नियम बदलतात. ओळखीच्या कोणी पाच वर्षांपूर्वी काय केले, हा पुरावा होऊ शकत नाही. त्या देशाच्या शासकीय यंत्रणेचे ताजे लेखी उत्तर हाच आधार. कर्जमंजुरीच्या पत्रातील अटी जशा आपण ओळीने वाचतो, तसेच हे उत्तर वाचावे. परवाना किती दिवस वैध, कोणत्या विमानतळावर उतरणे बंधनकारक, कोणत्या तपासण्या कोणत्या मुदतीत, हे सर्व त्यात असते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम गंतव्य देशाचा आयात परवाना. त्यानंतर विमान कंपनीची लेखी स्वीकृती. मग पशुवैद्यकीय तपासणी व आरोग्य प्रमाणपत्र. शेवटी केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाच्या अखत्यारीतील पशु विलगवास व प्रमाणन कार्यालयाचे निर्यात प्रमाणपत्र. अशी कार्यालये मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत. पुष्कळ लोक उलट क्रमाने जातात. तिकीट आधी काढतात आणि परवान्यासाठी नंतर धावपळ करतात. विमान मधल्या एखाद्या देशात बदलायचे असेल, तर त्या देशाचीही अनुमती लागू शकते. शक्यतो थेट विमान निवडावे.

विमानाचे भाडे कसे मोजतात

व्यापारी वाचकांना हिशोब आवडतो, म्हणून एक उदाहरण देतो. बहुतेक विमान कंपन्या लांबच्या प्रवासात ससा प्रवासी कक्षात घेत नाहीत. तो मालवाहतूक विभागातून न्यावा लागतो. तेथे भाडे केवळ प्रत्यक्ष वजनावर ठरत नाही. पेटीची लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार करून त्याला सहा हजारांनी भागतात. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारतात. दोन सशांसाठी ६० × ४५ × ४० सेंटीमीटरची पेटी घेतली, तर गुणाकार १,०८,००० येतो आणि सहा हजारांनी भागल्यावर १८ किलो. ससे चार किलोंचे व पेटी पाच किलोंची, म्हणजे प्रत्यक्ष वजन नऊ किलो असले, तरी भाडे १८ किलोंचे द्यावे लागेल. याखेरीज परवाना शुल्क, तपासणी, मध्यस्थाचे शुल्क आणि जेथे लागू असेल तेथे विलगवासाचा खर्च. ही बेरीज सशांच्या मूळ किमतीच्या कित्येक पट होते.

पेटी लहान घेऊन भाडे वाचविण्याचा मोह टाळावा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमावलीत जिवंत प्राण्यांच्या पेटीची मोजमापे व रचना ठरवून दिलेली असते. प्राण्याला नैसर्गिकपणे उभे राहता, वळता व बसता आले पाहिजे. पेटी नियमात न बसल्यास विमानतळावरच प्राणी नाकारला जातो.

सशाचा देह प्रवासाला कसा सामोरा जातो

येथून पुढचा भाग मला नियमांहून अधिक महत्त्वाचा वाटतो. कागदपत्रे पूर्ण झाली, म्हणजे ससा प्रवासाला योग्य झाला असे होत नाही.

ससा हा सतत खाणारा प्राणी आहे. त्याची पचनसंस्था अखंड चालू राहण्यासाठी बनलेली असून त्याला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही, तर आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो आणि त्यातून मृत्यूही ओढवतो. म्हणून कुत्र्याला जसे प्रवासाआधी उपाशी ठेवतात, तसे सशाला कदापि ठेवू नये. पेटीत भरपूर वाळके गवत असावे. पाणी सांडण्याची शक्यता असते, म्हणून सोबत पाणीदार हिरवा पाला ठेवावा. गुंगीचे औषध देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. त्याने श्वसन व रक्तदाब यांवर विपरीत परिणाम होतो आणि विमान कंपन्याही गुंगीतला प्राणी स्वीकारत नाहीत.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सशाला घाम येत नाही; कानांतील रक्तवाहिन्यांतून तो शरीराची उष्णता बाहेर टाकतो. तापमान तीस अंशांच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो आणि उष्माघात झाल्यास तो थोड्याच वेळात दगावतो. मे महिन्यात धावपट्टीशेजारी उभ्या असलेल्या पेटीतील उष्णतेची कल्पना करावी. प्रवास करावयाचाच असेल, तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या विमानाने करावा.

तिसरी गोष्ट भीतीची. ससा ही शिकार होणारी जात. आजार व वेदना लपविणे हा त्याचा स्वभाव, आणि अनोळखी आवाज व गंध यांनी तो कमालीचा घाबरतो. धडपडीत मागील पायांच्या झटक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. २०१७ साली लंडनहून शिकागोला नेलेला एक महाकाय जातीचा ससा प्रवासात दगावला, तेव्हा जगभर चर्चा झाली. तो अवघ्या दहा महिन्यांचा होता.

म्हणून किमान महिनाभर आधीपासून ती पेटी घरात उघडी ठेवावी, त्यात चारा घालावा, ससे आपणहून आत-बाहेर करू लागले पाहिजेत. परस्परांची सवय झालेली जोडी वेगळ्या पेट्यांत घालावी की एकत्र, हे विमान कंपनी व पशुवैद्य यांना विचारून ठरवावे. पण पोहोचल्यावर ती जोडी एकत्रच राहील याची व्यवस्था आधी करावी. अनेक देश बाहेरचा चारा आत येऊ देत नाहीत, म्हणून तेथील गवताची सोयही आगाऊ हवी. भाड्याच्या घराचा करार वाचावा; पाळीव प्राण्यांना मनाई करणारी अट त्यात असू शकते.

माझे मत विचाराल, तर तरुण, निरोगी ससा, थेट विमान, थंड ऋतू आणि विलगवास नसलेला देश या चारही गोष्टी जुळल्या, तरच न्यावे. सहा-सात वर्षांचा, दातांची वा पोटाची तक्रार असलेला ससा चार महिन्यांच्या विलगवासात पाठविण्यापेक्षा चांगल्या घरी ठेवणे मला अधिक योग्य वाटते. आपल्याला त्याचा सहवास हवा, म्हणून त्याने तो त्रास सोसावा, हा हट्ट झाला.

शेतावर सोडावे काय?

आता दुसरा प्रश्न. याचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे.

शेतात ससे दिसतात, मग आपलेही तेथे राहतील, असा समज सर्वत्र आढळतो. शेतात दिसणारा आपला रानससा ही वेगळीच जात आहे. त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी व अंगावर केस घेऊनच जन्मतात आणि तो बीळ न करता गवतातल्या खोलगट जागी राहतो. घरी पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतला, बिळात राहणारा. त्याची पिल्ले आंधळी व केसविरहित जन्मतात. या दोघांचा संकरही होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, बहुधा पांढराशुभ्र, कुत्र्याला पाहून कोठे पळावे हे न शिकलेला ससा शेतात सोडला, तर कुत्री, मुंगूस, रानमांजर वा घार यांच्या तावडीतून तो किती दिवस वाचेल? “शेतावर सोडले” हे शब्द ऐकावयास बरे वाटतात. प्रत्यक्षात मरण दृष्टीआड घडते, एवढाच त्याचा अर्थ.

कायदाही येथे स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम, उपासमार वा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा अपराध मानतो.

मग पांजरपोळ? मुंबईची पांजरपोळ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झाली आणि अशा संस्थांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु बहुतेक पांजरपोळांची रचना गाई-बैलांसारख्या मोठ्या जनावरांसाठी असते. सशाला बंदिस्त, थंड, स्वच्छ जागा आणि त्याच्या आजारांची माहिती असलेला पशुवैद्य लागतो. देणगीची पावती घेऊन ससे दाराशी ठेवून येण्यापूर्वी तेथे ही सोय आहे काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

दुसरे घर शोधताना ससे ‘फुकट देणे आहे’ अशी जाहिरात करू नये. मांसासाठी ससे घेणारेही असतात. घेणाऱ्याचे घर पाहावे, पूर्वी ससा सांभाळला आहे काय ते विचारावे आणि जोडी तोडू नये. नर-मादी असतील, तर वंध्यीकरण झाले आहे काय, हे स्पष्ट सांगावे. सशाचा गर्भकाळ अवघा एकतीस दिवसांचा असतो; दोनांचे दहा होण्यास वेळ लागत नाही.

आजी-आजोबांच्या घरी

सर्वांत चांगला पर्याय बहुधा आपल्या घरातच असतो, आणि भगिनींच्या पत्रातील ओळींमागे तोच विचार मला दिसतो. त्या स्वतः ससे ठेवून घेण्यास तयार आहेत, पण मुलगा याला हळवेपणा म्हणेल, अशी त्यांना भीती वाटते.

भगिनी, आपण हळव्या नाही. तीन वर्षांचा ससा योग्य निगेत आणखी पाच ते नऊ वर्षे जगू शकतो. ही मुदत ठेव मध्येच मोडता येत नाही, एवढे घरातल्या कोणी तरी ओळखणे आवश्यकच होते. मात्र भावनेइतकाच रोकडा विचारही करावा. आपल्याला वाकून पिंजरा स्वच्छ करणे जमेल काय? तीर्थयात्रेला किंवा लग्नकार्याला गेल्यावर कोण पाहील? प्रकृती बिघडल्यास पुढे कोण? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एका व्यक्तीचे नाव, तिच्या संमतीने, आजच लिहून ठेवावे. आपण बँकेत नामनिर्देशन करतो, त्याच सावधगिरीने हे करावे.

खर्च मुलाने उचलावा. त्याच्या अनिवासी साधारण खात्यातून, म्हणजे ज्याला आपण एनआरओ खाते म्हणतो त्यातून, दरमहा ठरावीक रक्कम आपल्या खात्यात जमा होईल अशी स्थायी सूचना बँकेला देता येते. रक्कम मोठी नसेल. पण दर महिन्याला ती वजा होताना जबाबदारी कोणाची आहे, याची आठवण राहते.

आहाराविषयी एक गैरसमज दूर करतो. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात गाजर येत नाही, मग सशाचे कसे होणार, अशी चिंता भगिनींनी केली आहे. गाजरात साखर अधिक असल्याने ते सशाला रोज देणे हितावहच नसते. त्याचा मुख्य आहार वाळके गवत. दिवसभराच्या आहारातील सुमारे चार-पंचमांश भाग तोच असावा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावल्यानेच ते झिजतात. जोडीला कोथिंबीर, पुदिना असा स्वच्छ धुतलेला पाला द्यावा. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो. प्रौढ सशाला रोज दिल्यास त्यातील चुन्याच्या अधिक प्रमाणामुळे मूत्राचे विकार संभवतात. पोळी, बिस्किट, पेढा हे प्रेमाने दिले, तरी सशाच्या पोटाला अपायकारकच.

नातीला काय सांगावे?

येथे पालकांची खरी कसोटी आहे. “ससे मागून येतील”, “शेतावर मजेत आहेत” अशी उत्तरे सोपी असतात. नऊ वर्षांची मुलगी आज त्यावर विश्वास ठेवील. चौदाव्या वर्षी तिला खरे कळेल आणि त्यावेळी सशांबरोबरच वडिलांच्या शब्दावरचा विश्वासही जाईल. आपल्या व्यवसायात शब्दाची पत काय असते, हे वेगळे सांगावयास नको.

तिला नियम सांगावा आणि त्याचे कारणही सांगावे. दोन डझन सशांनी एका खंडाचे काय झाले, ही कथा नऊ वर्षांच्या मुलीला सहज समजते. ती रडेल, रडू द्यावे. त्यानंतर तिच्याकडे काम सोपवावे. सशांची सर्व माहिती तिनेच एका वहीत लिहावी. कोण काय खातो, कोणाला पाठीवर हात फिरविलेला आवडतो, कोण कशाला घाबरतो, खाणे थांबल्यास कोणत्या पशुवैद्याकडे न्यावे, मागील तपासणी केव्हा झाली. निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस पिंजरा आजीच्या खोलीत हलवावा, त्याच अंथरुणासह, त्याच भांड्यांसह. त्या दिवसांत काम आजीने करावे आणि नातीने शेजारी बसून सूचना द्याव्यात. जबाबदारीचे हस्तांतरण असेच होते. देणारा व घेणारा दोघेही हजर असतात आणि यादी मोजून दिली-घेतली जाते.

मुलाला माझा निरोप सांगावा, की नव्या देशात तो ज्यांच्याबरोबर काम करील, ते त्याचे पूर्वीचे व्यवहार पाहणार नाहीत. मुलगी मात्र सर्व पाहत आहे. मेलबर्नला पोहोचल्यावर लगेच नवे ससे घेऊ नयेत. घर स्थिर होऊ द्यावे, तेथील रोगांची व नियमांची माहिती घ्यावी आणि दहा वर्षे सांभाळण्याची तयारी असेल, तरच पुढचा विचार करावा.

परदेशी जाण्याची शक्यता असलेल्या इतर कुटुंबांना एवढेच सांगेन, की मुलांच्या हट्टाखातर ससा घरी आणण्यापूर्वीच पुढील दहा वर्षांचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. बाजारातून ससा घेण्यास पाच मिनिटे व थोडे पैसे पुरतात. त्यामुळेच तो निर्णय विचाराविना होतो. आणि ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे, त्यांनी व्हिसाचा अर्ज भरतानाच सशाविषयीचे पत्रही त्या देशाच्या यंत्रणेला पाठवावे. उत्तर प्रतिकूल आले, तरी चांगले घर शोधण्यास सहा महिने हाती राहतील.